पंधराशेचं व्हाउचर आणि साठ टी-शर्ट

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. या लेखात ज्या गड्याची फजिती सांगणार आहे, त्याला विचारूनच लिहितोय. हॉस्टेलवर सगळे त्याला 'शेठ' म्हणतात, तेवढंच नाव पुरे. परवानगी देताना त्याने एकच अट घातली. "माझं काय झालं ते खुशाल लिही, पण तुझे २७५ रुपये पण लिही!" तर ते २७५ रुपये पुढे येतीलच. आधी शेठ.

शेठच्या आजीने त्याच्या नावावर पन्नास हजारांची एफडी ठेवली होती. गेल्या वर्षी बँकेतल्या माणसाने त्याला सांगितलं, की या एफडीवर क्रेडिट कार्ड मिळतं, पगाराची स्लिप लागत नाही, लिमिट पंचेचाळीस हजार. वर ऑफर. पहिल्या ९० दिवसांत ३०,००० रुपये खर्च केले तर १,५०० चं शॉपिंग व्हाउचर, शिवाय ५०० रुपयांची वार्षिक फी माफ. फीवरचा अठरा टक्के जीएसटी धरला तर ५९० वाचले. म्हणजे एकूण फायदा २,०९०. तीस हजारांवर जवळजवळ सात टक्के! एफडीलासुद्धा वर्षभर थांबावं लागतं आणि इथे तीन महिन्यांत सात टक्के! शेठने त्या रात्री आख्ख्या विंगला चहा पाजला.

आता आपल्यासारख्या हॉस्टेलवाल्याचा खर्च तो कितीसा? मेसचे काका कार्ड घेत नाहीत. झेरॉक्सवाला घेत नाही. टपरीवर कार्ड काढलं तर चहा नाही, शिव्या मिळतील. (२०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली, पण शेठचं कार्ड रुपे नव्हतं.) रिचार्ज, एखादं पुस्तक, महिन्यातून दोनदा बाहेरचं जेवण असं सगळं धरून शेठचा कार्डावर जाणारा खरा खर्च महिन्याला अडीच हजार. तीन महिन्यांचे साडेसात हजार. तीस हजारांतले उरले साडेबावीस. ते आणायचे कुठून?

इथेच माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते. ज्या क्षणी माणूस 'माझा खर्च किती' हे विचारायचं सोडून 'खर्च कसा करू' असं विचारायला लागतो, त्या क्षणी कार्ड त्याचं राहत नाही, तो कार्डाचा होतो.

शेठ हुशार आहे, त्याने अभ्यास केला. परदेशातले लोक ही किमान खर्चाची अट कशी पुरी करतात याचे किस्से तो रात्री आम्हाला ऐकवायचा. एक किस्सा तर सिव्हिलवाल्यांनी ऐकावाच असा आहे. १९९९ मध्ये डेव्हिड फिलिप्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका सिव्हिल इंजिनियरने पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले. त्या कंपनीची योजना होती, की बारकोड पाठवा आणि विमानप्रवासाचे माइल्स मिळवा. साधारण तीन हजार डॉलरच्या पुडिंगवर त्याने साडेबारा लाख माइल्स कमावले. पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं आणि बारकोड सोलायचं काम तिथल्याच स्वयंसेवकांनी केलं!

दुसरा किस्सा नाण्यांचा. अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, वर फुकट घरपोच द्यायला सुरुवात केली. क्रेडिट कार्डही चालायचं. लोकांनी काय करावं? कार्डावर हजारो डॉलरची नाणी मागवायची, खोकी तशीच उचलून बँकेत भरायची, त्याच पैशाने कार्डाचं बिल चुकतं करायचं. खर्च शून्य आणि पॉइंट फुकट! नाणी बाजारात फिरायच्याऐवजी बँकेच्या तिजोरीत परत. शेवटी २०११ च्या जुलैमध्ये टांकसाळीने या योजनेत कार्ड घेणंच बंद केलं.

किस्से भारीच आहेत. पण शेठने आणि आम्ही सगळ्यांनी त्यातली एक गोष्ट सोयीस्करपणे विसरून टाकली. त्या लोकांनी आधी आकडेमोड केली होती, आणि नाणेवाल्यांचा पैसा तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याच खात्यात परत येत होता. शेठचा पैसा येणार होता आमच्याकडून. आणि आम्ही म्हणजे काही अमेरिकेची टांकसाळ नव्हे.

गॅदरिंग जवळ आलं. शेठ कमिटीवर. डिपार्टमेंटच्या साठ टी-शर्टचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं. गावातला प्रिंटर एक टी-शर्ट २४० रुपयांना देत होता, पण रोख. ऑनलाइनवाला २७५ ला, पण कार्ड चालत होतं. शेठने ऑनलाइनवाला घेतला. "क्वालिटी चांगली आहे रे," असं आम्हाला सांगितलं. क्वालिटी कशी होती ते दुसऱ्या धुण्याला कळलं, पण तो विषय वेगळा. हिशोब बघा. एका टी-शर्टमागे ३५ रुपये जास्त, साठ टी-शर्टचे २,१००. शेठला मिळणारा फायदा २,०९०. म्हणजे बँकेने शेठला दिलेलं बक्षीस खरं तर डिपार्टमेंटच्या साठ पोरांनी पस्तीस-पस्तीस रुपये काढून दिलं होतं, वर दहा रुपये जास्तीचे! हे गणित शेठला तेव्हा सुचलं नव्हतं, आम्हालाही नाही. मला ते हा लेख लिहायला बसल्यावर सुचलं.

टी-शर्टचे १६,५०० झाले. चौघांची घरी जायची तिकिटं त्याच्या कार्डावर काढली, १,८००. आधीचे साडेसात हजार धरून झाले २५,८००. मुदतीला थोडे दिवस राहिले आणि कार्डाच्या अ‍ॅपमध्ये ती हिरवी पट्टी... 'फक्त ४,२०० रुपये बाकी!'

या पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती उगाच हिरवी नसते. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ या दोन संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कार वॉशमध्ये तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामे चौकोन होते. आठ वेळा गाडी धुतली की एक वॉश फुकट. बाकीच्या निम्म्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यातल्या दोनवर आधीच शिक्का मारलेला. म्हणजे धुवायची दोघांनाही आठच वेळा! तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरं केलं आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के लोकांनी. 'आपण निघालोय, थोडंच राहिलंय' असं वाटलं की माणूस पळत सुटतो. जर्नलचे नऊ प्रॅक्टिकल झाले की दहावं आपण रात्री तीनला जागून उतरवतोच ना, तसं. शेठनेही तेच केलं. बूट आणि इअरफोन, मिळून बरोबर ४,२००. त्याच्याकडे बूट होते. इअरफोनही होते.

अट पुरी झाली. व्हाउचर आलं. पार्टी झाली. आणि मग बिल आलं.

बिल २२,००० चं. टी-शर्टचे साडेसोळा हजार, बूट-इअरफोनचे ४,२०० आणि शेठचे किरकोळ १,३००. आता टी-शर्टचे पैसे पोरांनी दिले असतील ना? दिले होते, साठपैकी अडतीस जणांनी. १०,४५० रुपये. बाकी बावीस जणांचं 'देतो रे', 'घरून आले की टाकतो', 'तुझा नंबर परत पाठव'. या बावीस जणांत एक मी. माझे २७५ रुपये तब्बल पाच आठवडे राहिले. खोटं कशाला बोलू, पैसे नव्हते असंही नाही. २७५ म्हणजे काय रे, असं वाटलं. बावीस जणांना असंच वाटलं. बावीस गुणिले २७५ म्हणजे ६,०५०.

आणि जमा झालेले १०,४५०? ते शेठच्याच खात्यात आले होते. खात्यात पैसे दिसले की ते आपलेच वाटतात. त्याने त्यातून परीक्षेचा फॉर्म भरला, मेसचं थकलेलं बिल भरलं. 'बिलाला वेळ आहे, तोवर बाकीच्यांचे येतील' हा हिशोब. तारीख आली तेव्हा हातात दीड-दोन हजार. पण बिलावर दोन आकडे असतात. एक 'एकूण देय' आणि दुसरा 'किमान देय'. किमान देय पाच टक्के, म्हणजे १,१००. शेठला वाटलं, चला, बँकच म्हणतेय एवढे भरा म्हणून! भरले आणि गाढ झोपला.

पुढचं बिल आलं त्या रात्री तो झोपला नाही. कॅलक्युलेटर घेऊन आम्ही दोघं बसलो, तो हिशोब इथे देतो, कारण कुठल्याही लेक्चरला हा शिकवत नाहीत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवस रद्द, आणि व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. तेही न भरलेल्या रकमेवर नाही, भरेपर्यंत सगळ्या रकमेवर. शेठची मोठी खरेदी देय तारखेच्या साधारण पंचवीस दिवस आधीची. २२,००० वर पंचवीस दिवसांचे ६३३. मग उरलेल्या २०,९०० वर पुढच्या बिलापर्यंतच्या दहा दिवसांचे २४०. त्यावर अठरा टक्के जीएसटी. बेरीज १,०३१. म्हणजे १,१०० भरून कर्ज कमी झालं ६९ रुपयांनी! पुढच्या वीस दिवसांचे आणखी ५६८. एकूण जवळपास सोळाशे. २,०९० च्या फायद्यातून सोळाशे गेले, राहिले चारशे नव्वद. आणि त्यापायी नको असलेले बूट-इअरफोन ४,२०० चे.

शेवटी शेठने ताईला फोन केला. ती पुण्यात नोकरी करते. घरी सांगायची सोय नव्हती, कारण बिल थकलं तर बँक आजीची एफडी मोडून घेणार, आणि आजीला वाटत होतं की एफडी नातवाच्या लग्नासाठी जपून ठेवलीय! ताईने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. फक्त विचारलं, "व्हाउचर कितीचं होतं रे?" शेठ सांगतो, की त्या प्रश्नाला उत्तर देताना जेवढी लाज वाटली तेवढी केटी लागल्यावरही वाटली नव्हती. उरलेली वसुली त्याने दारोदार फिरून केली. त्यात दोन जणांशी बोलणं बंद झालं, ते आजही बंद आहे. माझ्या दारात तो रात्री अकराला आला. मी लगेच पैसे टाकले, आणि वर म्हणालो, "एवढ्यासाठी आलास होय?" हे वाक्य मला परत घ्यायचं आहे, म्हणून खरं तर हा लेख.

आता काही जण म्हणतील, यात बँकेचा दोष नाही का? आहे की! किमान देय हा आकडा बँका अशा जागी छापतात की तोच आधी दिसावा. पण फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेडायला महिने-वर्षं लागतील आणि चक्रवाढ व्याज बसेल, ही सूचनाही रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे बिलावर छापावी लागते. ती शेठच्या बिलावर होती. आम्ही ती दुसऱ्या महिन्यात वाचली. आणि व्याजदराला कोणी लगाम घालेल अशा आशेवरही राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, की कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. तेव्हा आपली काळजी आपणच घ्यायची.

दुसरे काही म्हणतील, मग कार्ड घेऊच नये का? माझं मत तसं नाही. आमच्याच मजल्यावर ईएनटीसीचा एक जण आहे. त्याच्याकडेही कार्ड आहे आणि त्यालाही अशीच अट होती. पण त्याने कार्ड कधी घेतलं? लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा. पैसे घरून आधीच आलेले, ते खात्यात तसेच ठेवले, लॅपटॉप कार्डावर घेतला, अट एका दिवसात पुरी. बिल आलं, पूर्ण भरलं, बक्षीस खिशात. त्याने एक रुपयाही जास्तीचा खर्च केला नाही, फक्त जो होणारच होता तो कार्डावरून वळवला. खर्च वळवणं आणि खर्च निर्माण करणं, या दोनांत सगळा फरक आहे. शिवाय वेळेवर बिल भरत गेलं की नावावर चांगला क्रेडिट स्कोअर तयार होतो, तो पुढे कर्ज काढताना कामी येतो. म्हणजे हत्यार वाईट नाही. पण लेथ मशीनवर सैल बाह्यांचा शर्ट घालून उभं राहायचं नसतं, एवढं तर आपल्याला फर्स्ट इयरलाच शिकवतात.

म्हणून अट पुरी करायच्या फंदात पडणाऱ्यांनी आधी वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात. एक, मागच्या तीन महिन्यांत कार्डावर जाऊ शकला असता असा माझा खर्च किती होता? तो अटीच्या खाली असेल आणि पुढे कुठला मोठा ठरलेला खर्च नसेल, तर ती ऑफर आपली नाहीच. दोन, अटीत काय धरत नाहीत? बऱ्याच कार्डांत पेट्रोल, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, घरभाडं, ईएमआय हे खर्च वगळलेले असतात, परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. एटीएममधून कार्डावर रोख काढणं तर विसराच. तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. तीन, दिवस कधीपासून मोजतात? बऱ्याचदा कार्ड मंजूर झाल्यापासून, पाकीट हातात पडल्यापासून नाही. चार, दुसऱ्यासाठी कार्ड वापरायचं तर पैसे आधी, स्वाइप नंतर. आणि ते पैसे त्याच दिवशी वेगळे ठेवायचे. ऑटो-पे लावताना 'एकूण देय' निवडायचं.

स्टाफ मंडळींनीही हसू नये! विमानतळाच्या लाउंजसाठी हल्ली कित्येक कार्डांना आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च लागतो. ती अट पुरी करायला मिक्सर बदलणारे सरही आपल्या कॉलेजात आहेत. लाउंजमधला तो उपमा त्यांना केवढ्याला पडला याचा हिशोब त्यांनी स्टाफरूममध्ये एकदा फळ्यावर मांडावा.

सगळ्यात शेवटी कमिटीवाल्यांना एक सूचना, कारण हा विषय कोणी बोलत नाही. गॅदरिंग, टेक-फेस्ट, ट्रिप, सगळीकडे हल्ली कोणाचं तरी कार्ड पुढे असतं. सगळ्यांच्या पैशावर एकाला पॉइंट मिळणं ही चोरी आहे असं मी म्हणत नाही. धावपळ तोच करतो, जोखीमही त्याचीच असते. पण कार्ड चालतं म्हणून महाग दुकान निवडलं, तर ते सगळ्यांना विचारून निवडायला हवं. दोन्ही भाव नोटीस बोर्डावर लावा. पोरं म्हणाली 'चालेल', तर चालेल. शेठने विचारलं असतं तर आम्ही ३५ रुपयांसाठी नाही म्हणालो नसतो बहुतेक. पण विचारायला हवं होतं, हे तोही आता मान्य करतो.

आणि बाकीच्या आपण सगळ्यांनी, म्हणजे त्या बावीस जणांनी... दुसऱ्याच्या कार्डावर घेतलेल्या वस्तूचे पैसे त्याच संध्याकाळी द्यावेत. आपले २७५ आपल्याला सुटे वाटतात, पण बिल फुटतं ते पूर्ण. कोणा एकाचेही अडकले तरी व्याज सगळ्या रकमेवर चालू होतं, आणि ते भरणारा माणूस शेजारच्या खोलीत राहत असतो.

शेठचं व्हाउचर अजून तसंच आहे. मुदत संपायला दोन महिने आहेत. परवा त्याला विचारलं, काय घेणार? म्हणाला, "आजीला साडी बघतोय. पण पंधराशेच्या आतली. वर एक रुपया घालणार नाही!"

— टी. ई. मेकॅनिकल, खोली दुसऱ्या मजल्यावरची